वानरांचा भोंगा

बाबांच्या घराला भोंगा बसवला तो चोरांसाठी. चोर त्या घराकडे कधी फिरकलाच नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी त्याची वाट बघत बसायला नको.

मालगुंडजवळची आमची वाडी. निम्मी घरं मुंबईकरांची, म्हणजे वर्षभर कुलपात. उरलेल्यांत म्हातारी माणसं. आई गेल्यावर बाबा एकटेच होते. मी चिपळूणला, नोकरी आणि संसार सांभाळून. बाबांचा जन्म जहाजावरच्या नोकरीत गेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावर जमीन म्हणजे त्यांच्या लेखी घरामागची हापूसची कलमं, बाकी काही नाही. माझ्याकडे चला म्हटलं की म्हणत, "तुमच्याकडे पावसाळ्यात नदी घरात येते. पाण्यावर राहायची माझी हौस फिटली."

मग वाडीतलं एक बंद घर फुटलं. चोरांनी तांब्यापितळेची भांडी नेली, देव्हाऱ्यातले देव नेले आणि जाण्याआधी निवांत चहा करून प्याले. कपबश्या ओट्यावर तशाच होत्या. घरात दिवा दिसला होता, पण शेजाऱ्यांना वाटलं, मुंबईची मंडळी आली असतील. कुणी डोकावलं नाही. मी चोरीपेक्षा त्या कपबश्यांनीच धास्तावले. बाबा म्हणाले, "गावाला राखणदार देव आहे." मी चिडून म्हटलं, "मग राखणदाराने देव कसे जाऊ दिले?" आमच्याकडे कुत्रा होता, तो आदल्या वर्षी बिबट्याने उचलला होता. शेवटी भोंगा बसवायचं माझं म्हणणं बाबांनी मान्य केलं.

रत्नागिरीहून माणूस आला. दारांना सेन्सर, पडवीत हालचाल टिपणारी डबी, वाशाला भोंगा, आणि बाबांच्या हातात एक छोटा रिमोट. त्यावर लाल बटण. ते दाबलं की भोंगा सुरू आणि माझ्या फोनवर मेसेज. "चोरच असं नाही," तो माणूस म्हणाला, "कधी पडलात, छातीत दुखलं, तरी हेच दाबायचं." बाबांनी रिमोट कमरेच्या करगोट्याला बांधला, पूर्वी तिथे तिजोरीची किल्ली असे. वाडीतल्या सगळ्यांना बोलावून एकदा भोंगा वाजवून दाखवला. वाजला की धावत यायचं, असं ठरलं. त्या दिवशी चिपळूणला परतताना किती तरी महिन्यांनी माझ्या जिवात जीव आला होता.

पुढे कैरी धरली आणि वानर आले. हे दरवर्षीचंच. एका कैरीचा एक चावा घेऊन ती फेकायची, मग दुसरी तोडायची. वर्षभराच्या राखणीची एका सकाळीत माती. फटाके, गलोल, डबे बडवणं, सगळ्याला ते सरावलेले. पण बाबांनी वैतागून एकदा लाल बटण दाबलं, आणि अख्खा कळप कुंपणापलीकडे गेला. बाबा फोनवर लहान मुलासारखे हसत होते. "जहाजावर असा खोटा भोंगा वाजवला असता तर कप्तानाने मला समुद्रात फेकलं असतं," म्हणाले.

मीही हसले. आई गेल्यानंतर त्यांचं ते हसू पहिल्यांदाच ऐकत होते.

मग ते वाडीच्या अंगवळणीच पडलं. शेजारच्या वहिनी कुंपणाशी येऊन सांगत, "ओ काका, वानर आलेत, वाजवा जरा तुमचा भोंगा." बाबा वाजवत. वहिनी त्यांच्या बाजूने डबा बडवत. पहिल्या दिवसांत काठ्या घेऊन धावत येणारी माणसं आता जागची हलत नव्हती. त्यांनी तरी का हलावं? माझ्या फोनवर मेसेज येतच असत. मी ते बघून पुढच्या कामाला लागत असे.

त्या दुपारी बाबा मागच्या दारी हात धुवायला गेले. चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ होतं. पाय सरकला, खुबा मोडला, डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. रिमोट करगोट्याला होताच. त्यांनी लाल बटण दाबलं.

भोंगा वाजला, ठरलेल्या वेळाने आपोआप थांबला. त्यांनी पुन्हा दाबलं. माझ्या फोनवर दोन्ही मेसेज आले; मी ते नेहमीसारखे बघून पुढच्या कामाला लागले. शेजारी वहिनींनी हातातलं काम टाकलं, डबा घेतला आणि परसात उभ्या राहून जोरजोराने बडवायला लागल्या. काकांना मदत म्हणून. थोड्या वेळाने ओरडून सांगितलं, "गेले हो काका, बास करा आता." कलमांवर त्या दिवशी एकही वानर नव्हता. पानांच्या दाटीत तेवढं कोण बघतं?

संध्याकाळी तुळशीपुढे दिवा दिसला नाही, तेव्हा वहिनीच घरात गेल्या. त्यांनीच गाडी बोलावली, त्याच बाबांना घेऊन रत्नागिरीला दवाखान्यात आल्या. मी पोचले तेव्हा त्यांच्या पदरावर बाबांचं रक्त वाळलेलं होतं.

बाबा आणखी थोडे दिवस होते. एकदा शुद्धीवर असताना म्हणाले, "ती डबा बडवत होती. मला सगळं ऐकू येत होतं." आवाजात राग नव्हता. मीच त्यांना विचारलं, हाक का नाही मारली? "मारली. पण भोंगा चालू होता ना, ऐकू कसं जाणार? आणि भोंगा थांबला की तिचा डबा." मग म्हणाले, "हे तिला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तेराव्याला वहिनी येऊन माजघरात बसल्या आणि उठेपर्यंत एकदाही मागच्या दाराकडे त्यांनी बघितलं नाही.

आता आमचंही घर कुलपात आहे. भोंगा काढून टाकावा असं फार वाटलं, मला तो डोळ्यांसमोर नको आहे. पण बंद घराला आता खरोखरच चोरांची भीती आहे, म्हणून तो तिथेच आहे. वानर पडवीत उतरले की डबी त्यांना टिपते आणि भोंगा वाजतो. वानर आता त्यालाही सरावलेत, पळत नाहीत. पण वाडी पळते. भोंगा वाजला की हातातलं टाकून, काठ्या घेऊन, वयाला शोभणार नाही अशा वेगाने सगळी म्हातारी माणसं त्या रिकाम्या घराकडे धावत सुटतात. दरवेळी. एकदाही कुणी वानरच असतील म्हणून घरी बसलेलं नाही.

मग माझा फोन वाजतो. वहिनी असतात, धाप लागलेली.

"ताई, वानरच होते. कुलूप जागेवर हाय." मग त्या पुढे सांगतात, आणि हे त्या कधीच विसरत नाहीत. "मागच्या पायरीपर्यंत जाऊन बघितलं. कुणी नाय तिथं."