मांडवातले चारशे बारा

घिवलीच्या चारुता चुरीला गावोगावच्या लग्नांचं आमंत्रण असतं, पण पंगतीला ती कधी दिसत नाही. त्या वेळी ती बोईसरच्या भाड्याच्या खोलीत पडद्यासमोर बसलेली असते. जहाजावरच्या, परदेशातल्या नातेवाइकांना घरचं लग्न थेट दिसावं म्हणून ती एक सर्व्हर चालवते, आणि त्याच्यावर तिची नजर चुलीवरच्या दुधावर ठेवावी तशी. किती जण बघतायत, सर्व्हरवर ताण किती, मांडवातून चित्र नीट येतंय का, सगळ्याच्या रेषा समोर हलत असतात. "पोर रेषा बघत बसते नि पगार काढते, कमाल हाय," असं तिचे वडील तक्रारीच्या सुरात, पण छाती फुगवून गावभर सांगतात.

परवा दातिवऱ्याला किंजलचं लग्न होतं. तिचा भाऊ प्रीतम जहाजावर. रजा मिळाली नाही. नवरदेवाचा कान पिळायचा मान त्याचा. त्याच्या जागी आई, सुलूबाई, पिळणार होत्या. पण लेकाने ते बघायलाच हवं, म्हणून त्यांनी चारुताला तीनदा फोन केला होता. कानपिळीची वेळ आली आणि नेमका प्रीतमचा निरोप आला, "चारुता, काय दिसत नाय!"

तिने घाईने रेषा तपासल्या. सर्व्हर बघावा तर निवांत. मांडवातून येणाऱ्या चित्राची रेषा मात्र तळाला, आणि बघणारे चारशे बारा! एवढं गोत परदेशात कुठलं? तिने कोण कुठून बघतंय ते तपासलं आणि कपाळावर हात मारला. जवळजवळ सगळे दातिवऱ्याचेच. मंडळी मांडवात बसून, आपण कसे दिसतो ते मोबाइलवर बघत होती. गावच्या एकुलत्या एक टॉवरचा जीव त्यातच जात होता. कॅमेऱ्याचं चित्र बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

तिने कॅमेरावाल्या अंकुशला फोन लावला. "अंकुशदादा, सगळ्यांना मोबाइल बंद करायला सांग. नायतर प्रीतमला कानपिळी दिसायची नाय."

अंकुशने माइक सरळ सुलूबाईंच्या हातात दिला.

"नवरी समोर बसलीय ना तुमच्या? मग मोबाइलात काय शोधता? माझा पोरगा तिकडं दर्यावर वाट बघतोय. ठेवा ते खिशात!"

भटजींनीसुद्धा आपला मोबाइल गुपचूप उपरण्यात सारला. चारशे बाराचे दोनशे झाले, दोनशेचे एकवीस. तळाला गेलेली रेषा वर आली, आणि चारुता खुर्चीतून उठून फोनवर ओरडली, "पिळा आता!"

सुलूबाईंनी कान पिळला. जहाजापर्यंत चित्र पोचायला वीस सेकंद लागायची; तेवढा वेळ चारुता आकडे मोजत राहिली. मग प्रीतमचा निरोप उमटला, "आये, हे काय पिळणं झालं? अजून जोरात!"

तिने तो फोनवर अंकुशला वाचून दाखवला; त्याने माइकवर सांगताच मांडव हसून लोटपोट झाला. नवरदेवाने आपणहून दुसरा कान पुढे केला. "हा प्रीतमदादाचा."

या खेपेला सुलूबाईंनी कॅमेऱ्याकडे बघत चांगला पीळ दिला. "दिसला काय रे?" असं विचारून त्या तशाच कान धरून थांबल्या. मांडवातल्या एकाचाही हात खिशाकडे गेला नाही.

विसाव्या सेकंदाला चारुताने फोनवर वाचून दाखवलं, "दिसला, आये. सोड आता त्याला."