काळ्या मातीवरची सायकल

फुलसावंगीत भंगारवाल्याचा हातगाडा आला की नेमसिंग हातातलं काम टाकून आपल्या सायकलच्या दुकानाबाहेर येतो. गाड्यावर एखादी जुनी काळी सायकल आडवी पडलेली दिसली की तो तिच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहतो. कोणाच्या बापाची, कोणा दूधवाल्याची, कोणा मास्तरची. जन्मभर घर ओढलेली सायकल, आणि तिचं मोल काय, तर किलोवर लोखंड. नेमसिंग तिथल्या तिथे भांडतो, मग गयावया करतो, आणि शेवटी सायकल खांद्यावर टाकून दुकानात आणतो. भंगारवाला त्याला येडा म्हणतो. नेमसिंग त्याला कसाई म्हणतो, त्यामुळे फिटंफाट आहे.

गावात मोटारसायकली आल्या तशी सायकलची दुकानं एकेक करून मिटली. शेजारचे मोबाईलची कव्हरं विकायला लागले. हा मात्र हटला नाही. त्याचा बंजाऱ्यांचा तांडा गावाच्या वर, टेकाडाच्या कडेला. तिथून वावरात जाणारी वाट अशी की मोटारसायकलनेही अर्ध्यातून हात जोडून परत फिरावं. नेमसिंगच्या डोक्यात आलं, रस्ता सायकलसारखा होत नसेल तर सायकलच रस्त्यासारखी करू. झालं, तेव्हापासून तो जुन्या सायकली रानावनात चालतील अशा करू लागला. मडगार्ड काढायचं, चेनकव्हर काढायचं. मागे मोठं, जास्त दात्यांचं फ्रीव्हील टाकायचं, म्हणजे चढाला पायडल हलकं जातं. सळ्यांच्या ब्रेकच्या जागी तारेचे, आणि हँडल चांगलं रुंद. रूप मात्र जुनंच ठेवायचं. तोच काळाभोर रंग, तीच स्प्रिंगांची चामडी सीट, आणि दांड्यावर सोनेरी रेघ. ती रेघ तो बारीक ब्रशने, श्वास धरून ओढतो. त्याची बायको रामीबाई सगळ्या तांड्याला सांगते की एवढं एकटक या माणसाने लग्नातही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मला विचाराल तर असा कारागीर जिल्ह्यात दुसरा नाही. पण कारागिराला कौतुक बाधतं, तसं त्यालाही बाधलं. यवतमाळचा बंटी नावाचा एक हौशी पोरगा त्याच्याकडून सायकल घेऊन गेला, तिचे फोटो चहूकडे गेले आणि शहरातली पोरं दुकानात येऊ लागली. बंटीने एकदा मोबाईलवर चित्र दाखवलं. सायकल जुन्या वळणाची, पण टायर मनगटापेक्षा जाड. तसे टायर लावल्यावर पोरांनी जी वाहवा केली, त्याने नेमसिंग हरभऱ्याच्या झाडावर चढला. सायकल म्हणजे जाड टायर, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

त्याच सुमारास तांड्यातली बबिता त्याच्याकडे आली. तिचा बाप रामधन, नेमसिंगचा लंगोटीयार, दोन वर्षांमागे वारला होता. घरात आता ती आणि तिची आई मानीबाई. बबिताला पशुसखीचं काम मिळालं होतं. टेकाडापलीकडच्या वस्त्यांवर जाऊन बकऱ्यांना लस द्यायची. लस बर्फाच्या डब्यात न्यावी लागते, आणि पायी जावं तर पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होतं. पावसाळ्यात त्या वाटेने मोटारसायकलही चालत नाही. जमलं नाही तर काम पलीकडच्या गावातल्या बाईला जाणार होतं. घरात रामधनची सायकल होती. तिची अशी सायकल करून द्या काका, एवढंच तिचं मागणं होतं.

मानीबाईच्या मनात नव्हतं. नवऱ्याची तेवढीच एक वस्तू राहिली होती. ती रोज पदराने पुसायची. तरी पोरीकडे पाहून तिने सायकल दिली.

नेमसिंगने जीव ओतला. जाड टायर मावावेत म्हणून पुढचं चाक धरणारा चिमटा फाकवला, मागची बाजूही रुंद केली, चाकांचा आउट, म्हणजे डगमग, काढून ती अशी फिरवली की पाहत राहावं. सोनेरी रेघ दोनदा ओढली, कारण सायकल रामधनची. मग डांबरी सडकेवर एक चक्कर मारली आणि बबिताच्या हाती दिली. सडकेवर ती लोण्यासारखी चालली.

वावराच्या वाटेवर ती चालली नाही. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. पाऊस पडून गेला की ती पायातली चप्पल मागून घेते. जाड टायरने चिखल उचलला, टायर आणि चिमट्याच्या मध्ये बोटभरही फट नव्हती, तिथे तो ठासला गेला. उतारावर पुढचं चाक एकाएकी थांबलं. बबिता हँडलवरून पलीकडे पडली. मनगट मुरगळलं, हनुवटी फुटली, डबा उघडून लस चिखलात गेली.

नेमसिंग धावतच त्यांच्या घरी गेला. अंगणात मानीबाई उभी होती. तिने आवाज चढवला नाही.

"माह्या मान्साची सायकल तुह्या हाती देली होती," ती म्हणाली. "त्याच्या हातून तीस वर्सात कोनी कधी पडलं नाई. आता ना सायकल कुठं जाईन, ना पोरगी."

बबिता आतून काही बोलू पाहत होती, तिला आईने गप्प केलं. नेमसिंग तसाच मागे फिरला.

घरी आल्यावर तो जेवला नाही. रामीबाई एरवी त्याला सोडत नाही, पण त्या दिवशी तिनेही एवढंच विचारलं, की चिखलात चालवून पाहिली होती का? त्याने नकारार्थी मान हलवली. हीच गोष्ट त्याला टोचत होती. त्याची आजे-पणजेमंडळी लदेणीवाली, बैलांच्या पाठीवर मुलुखभर मीठ-धान्य नेणारी. त्याचा आजा सांगायचा, नवा बैल आधी आपल्या स्वतःच्या ओझ्याखाली, अवघड वाटेवरून चालवून पाहायचा. परक्याचा माल त्याच्या पाठीवर नंतर. नेमसिंगने आजवर या वाटेवरची प्रत्येक सायकल तशीच दिली होती. स्वतः पोतं लादून, वावराच्या वाटेने नेऊन. ही एकच दिली नाही. वाहवा ऐकून ऐकून त्याला वाटायला लागलं होतं की आपल्या हातची सायकल चालवून पाहायची गरज उरलेली नाही.

सकाळी तो पडल्या जागी जाऊन बसला. तेवढ्यात तांड्यातला पूनमसिंग खताची पोती भरलेली बैलबंडी घेऊन त्याच चिखलातून आला. बैल जोर करत होते, पण चाक अडत नव्हतं. नेमसिंग पाहत राहिला. बंडीचं चाक अरुंद, चिखल कापून खालच्या घट्ट मातीपर्यंत जाणारं. आणि त्याच्या आजूबाजूला काही नाही. चिकटलेली माती आपोआप गळून पडत होती. ज्या बंडीवर तो लहानाचा मोठा झाला, ती त्याला मोबाईलमधल्या चित्रापुढे दिसली नव्हती. त्याने स्वतःला एक कचकचीत शिवी दिली आणि उठला.

तो पुन्हा मानीबाईकडे गेला. चूक सायकलची नाही, रामधनची तर नाहीच, माझी आहे, असं त्याने अंगणात, चार माणसांच्या देखत सांगितलं. मानीबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ने," ती म्हणाली. "नाई तरी भिताडाले टेकूनच हाय. पन माही पोरगी आता तिच्यावर बसत नाई."

फाकवलेला चिमटा त्याने तसाच ठेवला. जाड टायर काढून टाकले. त्या जागी बारीक, पण खोल नक्षीचे टायर चढवले. आता चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं सहज जातील एवढी जागा झाली. रेघेला मात्र हात लावला नाही. यवतमाळहून बंटी आला होता. जाड टायर काढलेले पाहून तो हळहळला. नेमसिंगने त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "तुह्या सडकेसाठी थे चांगले हायत, बाप्पा. ही सायकल सडकेची नाई."

रात्रभर पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेमसिंगने कॅरिअरवर सरकीच्या ढेपीचं अख्खं पोतं बांधलं. साठी उलटलेली, एक गुडघा कुरकुरता. रामीबाई म्हणाली की हाडं मोडली तर ती मी वेचणार नाही, आणि त्याच्या मागोमाग निघाली. तांड्यातली माणसं बांधावर जमली. बबिता पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून उभी होती. मानीबाई दारातच राहिली, पण दारातून वाट दिसत होती.

नेमसिंग चिखलात उतरला. चाकाला माती चिकटली, फिरली, गळली, पुन्हा चिकटली. उतारावर, जिथे बबिता पडली होती, तिथे सगळ्यांचा श्वास अडकला. चाक अडकलं नाही. नाला पार करून तो पलीकडच्या चढाला लागला. शर्ट घामाने आणि चिखलाने पाठीला चिकटलेला, तोंडाने तो सायकललाच काहीबाही बोलत होता. वरून वळून तो तसाच परत आला, आणि थेट मानीबाईच्या अंगणात येऊन उतरला. त्याला वाटलं, आता बाई काय बोलेल ते निमूट ऐकून घ्यायचं.

मानीबाई अंगणात आली. तिने वाकून, गुडघा धरून, चाक आणि चिमट्याच्या मधल्या जागेत स्वतःची दोन बोटं घातली. चाक फिरवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नेमसिंगला म्हणाली, "पोतं उतरव."

त्याने पोतं उतरवलं. मानीबाई सायकलला वळसा घालून आली आणि कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून बसली. बांधावरची माणसं बघतच राहिली.

"भाबी, कुठं?" नेमसिंगने विचारलं.

"वावरात. पावसाळ्यात मले कोनी नेत नाई. माह्या पायानं नाला होत नाई. माहा मानूस गेल्यापासून पेरलेली पऱ्हाटी म्या डोयानं पाह्यली नाई." मग पोरीकडे वळून म्हणाली, "हात चालते का तुहा?"

बबिताने मनगट फिरवून दाखवलं. ते पुरतं बरं झालं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. ती सीटवर बसली. सुरुवातीला सायकल डगमगली, मग सावरली. नेमसिंग आपला दुखरा गुडघा विसरून मागे चालत राहिला. त्याची नजर पुढच्या चाकावरून हलली नाही. उतार आला, नाला आला, बबिता थांबली नाही.

वावराच्या बांधावर मानीबाई उतरली. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. ती झाडांच्या दोन ओळींमधून थोडी आत गेली, एका झाडाचं पान हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं. नेमसिंगने चाकाचा चिखल काडीने काढायला घेतला.

जराशाने मानीबाई तिथूनच म्हणाली, "बबिता, उद्या डब्बा घेऊन जाय तू पल्याड. पन जाता जाता मले इथं सोडून दे."