टायगरची थंडी आणि दत्तूचा फोन

थंडीत जनावर कसं सांभाळावं, हे अख्ख्या पेण तालुक्यात माझ्याइतकं कोणाला कळत नाय. माझ्या कोंबड्यांना विचारा! म्हणजे विचारता आलं असतं. पण पहिल्याच थंडीत मी डालग्यावर जाडजूड गोधडी घातली, आत गुदमरू नयेत म्हणून खाली फट ठेवली, आणि त्या फटीतून मुंगूस आत शिरलं. कोंबड्या थंडीनं मेल्या नाहीत, एवढं मात्र खरं!

आमच्या हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात असे किस्से धुळीसारखे साचतात. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी फळीवर आहेतच. निम्म्यांत दत्तू असतो. दत्तू आमचा आखणीवाला, मूर्तीचे डोळे रेखणारा. मी रंग मारायचा, त्यानं डोळे उघडायचे. आणि उरलेल्या वेळात त्यानं जनावरांचा संसार करायचा.

*

प्लास्टर घट्ट होताना तापतं. हे आमच्याआधी कारखान्याच्या मांजरीला कळलं. थंडी पडली की ही बाई साच्यातून नुकत्या काढलेल्या गणपतीच्या मांडीवर जाऊन झोपायची. उठली की दत्तू तिला धरून चारी पाय कोमट पाण्यानं धुवायचा. "प्लास्टर चाटलंस तर पोटात दगड होईल गो!" ती ओरबाडायची, हा फडक्यानं तिला कोरडी करायचा.

एकदा तिच्या पंजांचे ठसे एका मूर्तीच्या पितांबरावर उमटले. घासायला वेळ नव्हता. दत्तूनं प्रत्येक ठशात सोनेरी रंग भरला आणि मूर्ती गिऱ्हाईकाकडं गेली.

पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक हजर. "गेल्या वर्षीची ती नक्षी पाहिजे. तसली दुसरीकडं कुठं मिळत नाय."

मी म्हटलं, "मिळंल की! पण जरा थांबा, कारागीर झोपलाय."

*

कारखान्याच्या मालकीणबाई म्हणजे सरूवहिनी. त्यांच्या शेळीचं नाक गळायला लागलं. मी म्हटलं, अंगावर काहीतरी घालू. जवळ मिळाली ती मूर्तींच्या शेल्यांसाठी आणलेली लाल मखमल, जरीच्या किनारीची. कापली आणि शेळीला झूल शिवली!

तेवढ्यात मुंबईचा व्यापारी गाडीतून उतरला. शेळी बघून त्यानं चप्पल काढली, हात जोडले. "वहिनी, हिचा उत्सव कधी असतो?"

वहिनींनी मखमल बघितली, मग मला बघितलं. "आजच," म्हणाल्या, "आणि बळी ह्याचा!"

*

टायगर दत्तूचा कुत्रा. नाव टायगर, पण मांजर आडवी बसली की हा मागच्या दारानं यायचा. एका थंडीत त्याला खोकला धरला. पेणच्या जनावरांच्या दवाखान्यात निघालो. रिक्षात टायगर दत्तूच्या स्वेटरमध्ये, आणि दत्तू बनियनवर कुडकुडतोय.

डॉक्टर म्हणाले, "गार फरशीवर झोपवू नका. खाली गोणपाट घाला, पाणी कोमट द्या, वाऱ्यात बांधू नका."

दत्तूनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि माझ्या गुडघ्याचं काय, साहेब?"

"अहो, मी जनावरांचा डॉक्टर आहे!"

मी म्हटलं, "तपासा बिनधास्त. मी लहानपणापासून ओळखतो याला."

येताना दत्तू रिक्षात तोंड फिरवून बसला. टायगर मात्र दोघांच्या मांड्यांवर आडवा पसरून घोरत होता.

*

गेल्या पावसाळ्यानंतर दत्तूचा मुलगा त्याला रोह्याला घेऊन गेला. मुलाची कंपनीत शिफ्ट, रोह्याला लागूनच वरसे गावात नवा फ्लॅट. सोसायटीत कुत्रा चालत नाही. म्हातारा चालतो! म्हणून टायगर माझ्याकडं राहिला.

जाताना दत्तू म्हणाला, "एवढी थंडी काढ त्याची. माघी गणपतीला येतो मी."

वालाच्या शेंगा भरल्या तशी आम्ही शेतात पोपटी लावली. शेंगांनी भरलेलं मडकं उपडं, भोवती जाळ. टायगर उबेला बसला, पण तोंड रस्त्याकडं. गाडी वाजली की उठायचा. मी म्हणायचो, "बस रे, तो नाय." मग आम्ही दोघंही बसायचो.

माघी गणपती आला आणि गेला. दत्तूचा गुडघा सुजला होता म्हणे.

*

फोन मात्र त्याचा रोज तिन्हीसांजेला. "पाणी कोमट केलंस? गोणपाट उन्हात टाकलंस? अंग कोरडं हाय ना त्याचं?" माझी चौकशी? नाव नको! मी विचारायचो, "येतोस कधी?" तर "बघू."

कारखान्यात डोळे रेखायला नवा पोरगा आला होता. हात चांगला, पण चेष्टा केली की हा खरंच सॉरी म्हणतो! असल्या माणसाबरोबर दिवस काढायचा कसा? ठरवलं, दत्तूला एकदा तरी आणायचाच.

दुसऱ्या दिवशी फोन आला तसा मी म्हटलं, "माझ्याशी काय बोलतोस, टायगरशीच बोल!" फोन जरा लांब धरला आणि भुंकलो. मग खोकलो. मग पुन्हा थोडं भुंकलो. खोकायला फार कष्ट पडले नाहीत, थंडीनं घसा धरलेलाच होता. खरा टायगर समोर बसून माझ्याकडं असा बघत होता की लाज मलाच वाटावी.

पलीकडून "उद्या येतो," एवढंच, आणि फोन बंद.

सकाळच्या पहिल्या गाडीनं उतरला. लंगडत, काखेत लोकरीची शाल. टायगर असा धावला की दत्तूला रस्त्यातच बसकण मारावी लागली. मी हसून हसून वाकलो. "फसलास की नाय! अरे, कुत्रा ठणठणीत हाय. काल भुंकलो तो मी!"

दत्तू उठला. शाल उलगडून माझ्याच गळ्याभोवती गच्च गुंडाळली आणि म्हणाला, "टायगरचा आवाज मला ठाऊक नाय व्हय? खोकला तुझा ऐकला, म्हणून आलो, गाढवा!"