अधिक-उणे मामा

शेखलाल तांबोळींना कुणी माप विचारलं, तर उत्तर एका आकड्यात कधी मिळत नाही. वडगाव रासाईत एका लग्नाला मांडव किती लांब, असं कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, "चाळीस फूट. अधिक-उणे तीन इंच. टेप टोकाला वाकलीय." तेव्हापासून गावात ते अधिक-उणे मामा झाले.

रांजणगावच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं ते लेथवर धातू कातणारे टर्नर होते. नुसता आकडा म्हणजे अर्धं काम, हे त्यांचं ठाम मत. फूट का मिलिमीटर ते सांगा, आणि माप किती चुकलेलं असू शकतं तेही सांगा. एकदाच मोजून उठणारा माणूस त्यांच्या लेखी आळशी. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी जुनं लेथ मशीन मांडलं. तिथंच खुटबावच्या हौसरावांनी गुऱ्हाळाच्या चरकाचा शाफ्ट, म्हणजे लोखंडी आस, आणून ठेवला. सोबत मुलगी सायली. गुऱ्हाळ तीच चालवते.

"मामा, दुसराबी बुश जळला," सायली म्हणाली.

बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती गनमेटलची जाड बांगडी. पंधरा दिवसांत जळालेले दोन्ही बुश शेखलालनीच केलेले.

"ग्रीस दिलं नसंल."

"दर दोन तासाला दिलंय. मी सोता देते."

"मग कमी दिलं."

हौसरावांचा आवाज उतरला. "भाई, ऊस तोडून पडलाय, वाळाय लागला. तिसरा जळला तर शाफ्टच खाईल. मंग औंदा चरक बंद."

शेखलालनी मायक्रोमीटर पुसला, शून्य तपासलं, शाफ्टवर लावला आणि उजेडाकडं धरला. "लिव्ह. एकोणसाठ पूर्णांक अठ्ठ्याऐंशी."

"मिलिमीटर," सायलीनं जोडलं. मामांना बरं वाटलं. पण तिनं मान पुढं काढली. "मी बघू? मला ब्याण्णव दिसतंय."

"हाताला सवय न्हाई तुझ्या."

"शिरूरला कॉलेजात प्रॅक्टिकलला व्हता की ह्यो. मार्क कमी पडले, पर वाचता येतं."

फरक मिलिमीटरच्या चार शतांशांचा. केसाच्या जाडीहून कमी. पण बुशमध्ये मामा जागाच ठेवायचे सहा शतांशांची. त्यांचं माप चारनं कमी असेल, तर जागा उरते दोन. शाफ्ट तापला की फुगणार, फुगला की अडकणार. हे गणित त्यांच्या डोक्यात लगेच झालं. तोंडातून आलं नाही.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, गुलशननं, ही वादावादी ऐकली. "परवा भातात खडा निघाला, तर म्हनले खडा न्हाई, तांदूळच काळा हाय. वरीस झालं, डोळे दाखवा म्हनतीय."

"तू चहा ठेव."

पण मग त्यांनी कपाटातून खडू काढला. कंपनीत दोन कामगार मापावरून भांडले की ते जे करायला लावायचे, तेच केलं. शाफ्टवर एका जागी खूण केली. त्याच खुणेवर दोघांनी पाच-पाच वेळा मोजायचं, दर वेळी मायक्रोमीटर पूर्ण सोडून पुन्हा लावायचा, आकडा हौसरावांच्या कानात सांगायचा. हौसराव कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेले.

"वाचा," मामा म्हणाले. पेन्सिलीचे आकडे त्यांना दिसत नव्हते.

"सायलीचे ब्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव." हौसराव थांबले. "तुमचे अठ्ठ्याऐंशी, सत्त्याण्णव, एक्क्याण्णव, पंचाण्णव, शहाऐंशी."

मग हौसरावच सावरायला गेले. "सरासरी काढली तर दोघांचं जवळजवळ सारखंच येतंय भाई."

"सरासरीवर बुश बसत न्हाई, हौसराव. पाचदा मोजलं आसतं तर सरासरी. मागचे दोन्ही मी एकदाच मोजून केले." मामा स्टुलावर बसले. "सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना आळशी म्हनलो. माझ्या डोळ्यांना मात्र अधिक-उणे लावलंच न्हाई. सायली, ग्रीसचं मी खोटं बोललो. चूक माझी."

"मंग तिसरा करा की मामा. हात तर ठीक हायेत."

हात खरंच ठीक होते. लेथवर मामा, मापावर सायली. ती "थांबा" म्हणाली की ते थांबत. शेवटचा कट त्यांनी इतका बारीक घेतला की चुरा तांबड्या पिठासारखा पडला. मोजायला तिनं घाई केली, तेव्हा मात्र ते ओरडले, "गरम हाय अजून! लोखंड न् गनमेटल गार झाल्याबिगर खरं बोलत न्हाईत." अर्धा तास सगळे बसून राहिले. दिवस कलता बुश तळहाताच्या दाबानं शाफ्टवर गेला आणि एका बोटानं फिरला.

आठव्या दिवशी सायलीचा फोन आला. बुश हाताला कोमट लागतोय, त्याहून गरम नाही.

मामांनी कॅलेंडरचा तो कागद शेडमधून मागवून घेतला. सायलीच्या मापाखाली अधिक-उणे एक शतांश लिहिलं. स्वतःच्या मापाखाली मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं, अधिक-उणे सहा. घडी करून तो गुलशनच्या हातात दिला.

"डोळ्याच्या डॉक्टरकडं जाताना हे बरोबर घे. किती बिघडलंय, ते मोजून लिवलंय."