नळाच्या तोंडाशी

गल्लीच्या शेवटच्या घरातला माणूस पहार घेऊन आमच्या अंगणात आला, तेव्हा मी भांडी घासत होते.  तो सरळ नळाला जोडलेल्या मोटारीजवळ गेला आणि त्याने पहार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

लग्न होऊन मी कोरीटला आले, त्यानंतरचा तो दुसराच उन्हाळा होता. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यात माझ्या जेठांनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, नळावर मोटार बसवलेली. पाणी आलं की ते आधी आमच्या गच्चीवरच्या टाकीत चढायचं. त्या सकाळी टाकी भरली तरी जेठ मोटार बंद करायला उठले नाहीत. पाणी भिंतीवरून ओघळत गटारात चाललं होतं. गल्लीच्या टोकाला एक थेंब पोचला नव्हता.

पहिल्या घावात मोटारीचं झाकण फुटलं. दुसऱ्या घावाला ठिणग्या उडाल्या आणि घरातली वीज गेली. जेठ उघड्या अंगाने धावत आले. त्यांनी दाराचा अडसर उचलून त्या माणसाच्या पाठीत घातला. तो वळला.

"तुन्ही टाकी सांडी ऱ्हायनी," तो म्हणाला, "आन मन्ह्या घागरी कोरड्या शेतस."

मग त्याने पहार फिरवली. माझा नवरा मध्ये पडला आणि घाव त्याच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. तेवढ्यात त्या माणसाची बायको हंडा घेऊन आत शिरली. माझ्यावर तिचा काय राग होता कोण जाणे. तिने माझे केस धरून मला गटाराच्या कडेला पाडलं आणि हंड्याची कड भुवईवर मारली. डोळ्यात रक्त उतरलं. मी तिच्या मनगटाला चावले आणि ती किंचाळेपर्यंत सोडलं नाही.

लोकांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. नंदुरबारला दवाखान्यात नवऱ्याच्या हाताला प्लास्टर घातलं, माझ्या भुवईला टाके पडले. पुढे पोलीस पाटलांनी दोन्ही घरांना समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, कोणीच तक्रार करू नका आणि कोणीच मोटार लावू नका. जेठ मान खाली घालून बसले होते. ती शरम नव्हती. रागाने त्यांच्या मानेची शीर उडत होती.

मोटार गेल्यावर पाणी गच्चीपर्यंत चढेना. नळाखाली पिंप लावायचं आणि त्यातलं पाणी हंड्याने गच्चीवरच्या टाकीत नेऊन ओतायचं, एवढंच उरलं. ते पाणी दुसऱ्या दिवशीच संपायचं. जेठाणी, म्हणजे माझी थोरली जाऊ, आणि मी ते कुठे जातं ते शोधू लागलो. आधी ते कधी कळलंच नव्हतं, कारण तोटी सोडली की पाणी यायचंच. जेठाणीने संडासाच्या फ्लशच्या टाकीत हळद कालवली. कोणी बटण दाबलं नव्हतं, तरी थोड्या वेळाने भांड्यात पिवळी धार दिसली. रात्रंदिवस गळत होती ती. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मोरीत सोडलेली होती. तिच्याखाली बादली ठेवली तर पाणी शुद्ध होईपर्यंत बादली भरून वाहिली. ते पाणी आम्ही फरशीला वापरू लागलो, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात. अंगण पाइपने धुणं बंद केलं.

जेठांना हे सहन होईना. एका सकाळी मोरीत एकच बादली बघून त्यांनी ती लाथेने उलटी केली आणि तांब्या जेठाणीवर फेकला. तो तिच्या खांद्याला लागून चुलीजवळ आपटला. तिने तो उचलला, धुतला नाही, तसाच जागेवर ठेवला.

"आज तेवढंच पानी व्हतं," ती म्हणाली. "तुमनी सांडी टाकं. आते तसेच जा."

जेठ हात उगारून पुढे आले. ती मागे सरली नाही. "हात लावश्यात त मी बी लावसू," ती म्हणाली, आवाज न चढवता. सासूबाई दारातून बघत होत्या. माझा नवरा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभा राहिला. जेठांनी हात खाली घेतला तो भिंतीवर आदळून. बोटांची सालटी निघाली. त्या दिवशी ते आंघोळ न करता शेतात गेले.

फ्लशची रबरी झडप बदलली. पिंपाचं पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरू लागलं. शेवटच्या घरात आता पाणी पोचतं, बारीक धारेने का होईना. त्या घराचा आणि आमचा अजून शब्द नाही. जेठ त्या माणसाला बघून रस्त्यात थुंकतात, तोही थुंकतो. नवऱ्याचा हात जुळला, पण वाकडा. भरलेला हंडा त्याला उचलता येत नाही, तो मी उचलते.