समोरचे चार दात

"हस बरं जरा."

मी चहाचा ट्रे धरून उभी होती. ओठ मिटूनच हसली. लहानपणापासून मी तशीच हसत होती. मुलाची आई खुर्चीवरून उठली, जवळ आली, अन् बोटानं माया वरचा ओठ उचलला. सगळ्यांसमोर. तिच्या बोटाले चिवड्याचं तेल होतं. ते माया दाताले लागलं.

"वाटलंच होतं मला," ती नवऱ्याला म्हणाली. "फोटोत तोंड मिटलेलं होतं."

बाबा खाली फरशीकडे पाहून राहिले होते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे शेतकरी. बाबा इकडं हिंदी मुलखात पोलादाच्या प्लांटात कामगार, खुर्सीपारच्या कामगार वस्तीत घर. बाजारात बैलाचे दात कसे पाहतात, ते त्यायले ठाऊक होतं. म्हणूनच मान वर झाली नसन.

पाव्हणे सेक्टरातले, प्लांटाच्या क्वार्टरात राहणारे. मुलाचे वडील प्लांटात ऑफिसर. जातीचे आमच्याच. जाताजाता ती बाई म्हणाली, "मुलगी ठीक आहे. समोरचे चार काढून नवीन बसवून घ्या. मग बघू."

बाबा म्हणाले, "हो जी."

माये दात पुढं होते. शाळेत पोट्टे मले 'किसनी' म्हणत. आरशासमोर मी ओठ मिटायची सवय करे, जबडा दुखेपर्यंत. कॉलेजच्या मैत्रिणी सिविक सेंटरच्या बाजारात समोसे खात, मी म्हणे, पोट भरलं आहे. मंग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून शिळी पोळी खाय. शेवटच्या वर्षी कॉलेजात जाणंच सोडलं. मायनं विचारलं, "कावून जात नाहीस?" मी म्हटलं, डोकं दुखते. कधीकधी वाटे, मेल्यावर भिंतीवरच्या फोटोत तरी ओठ मिटलेलेच राहतील. त्या विचारानं बरं वाटे. एवढी खचून गेली होती मी.

म्हणून त्या बाईचा मले राग नाही आला. उलट वाटलं, चला, सुटली आता. याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते.

दुर्ग शहरात दाताच्या डॉक्टरकडे गेलो. बाबा बाहेर बाकावर बसले. आत माया संगं मुलाची आई आली. डॉक्टरनं तोंडात आरसा घालून पाहिलं.

"दर्द होता है?"

"नहीं."

"सड़े भी नहीं हैं. जड़ से मजबूत हैं. तार लगाओ तो पीछे जा सकते हैं, टाइम लगेगा." मंग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "निकालना ही है?"

"निकाल दीजिए. सगाई से पहले हो जाना चाहिए."

मजबूत. माया दाताले असं कोणीच कधी म्हटलं नव्हतं. अन् तेच काढाले निघाले होते. जिते दात काढायचे, खोटे बसवायचे, अन् जन्मभर झोपतानी पेल्यात ठेवायचे. एका घराचा फोटो चांगला दिसावा म्हणून.

सुई जवळ आली. मी तोंड मिटलं.

"मुँह खोलो."

मी त्याचा हात बाजूला सारला. खुर्चीतून उतरली.

"मी नाही काढत."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"त्यानं तुमाले विचारलं. तुम्ही त्याले सांगितलं. दात माये आहेत. मले कोणी विचारलं?"

सोयरीक तिथंच मोडली. घरच्या दारात आल्यावर बाबा म्हणाले, "आता तुले कोण करीन?"

हिंमत केली असं काही वाटलं नाही. उशीत तोंड खुपसून रडली. गल्लीतल्या बाया विचारत, सोयरीक कावून मोडली, मी ओढणी तोंडावर ओढे. लाज गेली नाही. अजूनही गेली नाही.

मंग दुसरं स्थळ आलं. बाबा म्हणाले, "पाव्हण्यांपुढं जास्त बोलू नोको."

मी म्हटलं, "त्यायले पहिलेच सांगा, पोट्टीचे दात पुढं आहेत. तार लावायची असन त मी लावीन, माया मनात येईन तवा. लगनासाठी नाही."

"असं कोणी सांगते का?"

"तुमाले लाज वाटत असन, त मी सांगीन."

चप्पल घातली अन् मध्यस्थाच्या घरी गेली. त्याच्या अंगणात चार लोकं बसले होते. कान तापले, आवाज फाटला, पण सांगितलं. माया तोंडात काय राहीन अन् काय नाही, हे कोणाले ठरवू देणार नाही. लाजेनं मरायची पाळी आली तरी नाही.