सुनेचं विरजण

आमच्या घरात औषधांचा एक डबा होता, बिस्किटांचा जुना पत्र्याचा, आणि तो माझ्या ताब्यात असे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटेपर्यंत घ्यायच्या, उरलेल्या त्या डब्यात. कचेरीतले लोकही मला विचारून औषध घेत. त्याचा मला गर्व होता.

एका हिवाळ्यात बायकोला सर्दी झाली. "सर्दीला कशाला डॉक्टर?" म्हणत मी डबा उघडला. मुलाच्या दाढदुखीतल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. त्या संपल्यावर माझ्या पायाच्या गळवाच्या वेळची दुसरी पट्टी सापडली, तीही दिली. सर्दी गेली. ती तशीही जाणारच होती.

मग तिला जुलाब सुरू झाले. "वेगळं काय खाल्लंस?" मी विचारलं आणि उत्तरही मीच दिलं, "दही."

सून बिडकीनची, खेड्यातली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा बसमध्ये मांडीवर डबी धरून तिनं आईकडचं विरजण आणलं होतं. रोज मातीच्या गाडग्यात त्याचंच दही लागे. "ते गाडगं कुठल्या पाण्यानं धुतात कोण जाणे," मी म्हणालो.

बायकोनं लगेच उचलून धरलं. "तरी मी म्हणतच होते, वास येतो." असं ती कधीच म्हणाली नव्हती. वाटी बोटानं पुसून खायची.

"आई, मीबी तेच खाते की," सून म्हणाली. "मला तर काही झालं नाय."

"तुझं पोट बिडकीनचं आहे," मी म्हणालो आणि हसलो. संध्याकाळी गाडगं धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं दिसलं.

दही बंद झालं तरी जुलाब थांबेनात. ताप चढला, दवाखान्यात ठेवावं लागलं. तपासणीनंतर डॉक्टरीण बाईंनी मला बाहेर बोलावून आधीच्या गोळ्यांची चौकशी केली. मी नावं सांगितली.

"काका, आतड्यात आपल्या कामाचे असंख्य जंतू असतात," त्या म्हणाल्या. "ते जागा अडवून बसतात म्हणून वाईट जंतूंना वाव मिळत नाही. या गोळ्या आपला-परका बघत नाहीत. चांगले मेले की मोकळ्या जागेत एखादा वाईट माजतो. यांचं तेच झालंय. आणि सर्दीवर या गोळ्यांचा उपयोगही नसतो."

"दह्यानं नसेल ना झालं?" मी विचारलं. आशेनं विचारलं. त्या आशेची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

"नाही," त्या म्हणाल्या.

घरी मी एवढंच सांगितलं, पोटात इन्फेक्शन होतं. बायको हळूहळू सावरली, घरात पिशवीतलं दही येऊ लागलं. पाहुणे आले की ती म्हणे, "सूनबाईच्या दह्यानं मला दवाखाना दाखवला!" सगळे हसत. सून आत निघून जाई. मी पेपर वाचत बसे. अशी कितीतरी वर्षं गेली.

गेल्या महिन्यात सुनेची आई आली. म्हाताऱ्या बाईनं पिशवीतून डबी काढली. "विरजण आणलंय. लेकीला लई आवडतं."

"ते तेवढं परत न्या, विहीणबाई," बायको म्हणाली. "एकदा भोगलंय मी."

त्या बाईनं डबी परत पिशवीत ठेवली. झाकण घट्ट आहे ना, हे दोनदा दाबून पाहिलं. सून दारात उभी होती.

मग मी बोललो. डबा, गोळ्या, डॉक्टरीण बाईंचं ते "नाही", सगळं सांगितलं.

सून म्हणाली, "बाबा, तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

बायको माझ्याकडे न बघता उठली, विहिणीच्या पिशवीतून तिनं स्वतःच डबी काढली आणि आत जाऊन दूध कोमट करायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं सगळ्यांना दही वाढलं. माझ्या ताटात वाढलं नाही. मीही मागितलं नाही.